निवडणं-टिपणं

लहानपणी रविवारी सकाळी आई रेशनचा तांदूळ निवडायला बसायची. परात मांडीशी टेकवलेली, ढीग एका बाजूला, आणि तिची बोटं चार-चार दाणे सरकवत दुसऱ्या बाजूला नेणारी. मी शेजारी बसून तिच्या आधी खडे शोधायचे. काळा खडा मला लगेच दिसायचा. ती म्हणायची, "काळा कुणालाही दिसतो गं. पांढरा खडा तांदळाच्याच रंगाचा असतो. तो बोटाला कळतो."

साडी निवडतो तेव्हा आपण आवडलेली उचलतो. तांदूळ निवडतो, मेथी निवडतो, तेव्हा नको ते काढून टाकतो आणि उरेल ते शिजवतो. शब्द एकच. गुंतवणूक म्हणून पहिली जागा घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात साडीवाला अर्थ असतो. माझ्याही मनात तोच होता. परातीतल्या अर्थापर्यंत यायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत मी ३७ जागा पाहिल्या आणि ३६ सोडल्या.

या सगळ्याच्या मुळाशी अण्णांचा प्लॉट आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. १९९४ साली त्यांनी शहराबाहेरच्या एका गावात दोन गुंठे घेतले, ४० हजारांना. पतपेढीचं कर्ज काढलं, आईची पाटली मोडली. हातात आलं ते साठेखत (म्हणजे पुढे विकण्याचा करार), कब्जेपावती आणि कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार), तिन्ही नोटरीसमोर केलेली. खरेदीखत "पुढं करून देऊ" असं ठरलं होतं. चारी कोपऱ्यांना दगड रोवले, नारळ फोडला, एका कडेला कडुलिंब लावला. दर दसऱ्याला आम्ही तिथे आपट्याची पानं ठेवायला जायचो. २००३ च्या दसऱ्याला गेलो तर तारेचं कुंपण होतं. मूळ मालकाच्या दोन बहिणींच्या सह्या कुणी कधी घेतल्याच नव्हत्या. त्यांनी हिस्सा मागितला, घरात वाद झाला, आणि शेवटी सगळ्या भावंडांनी मिळून अख्खा गट तिसऱ्याच माणसाला नोंदणीकृत खरेदीखताने देऊन टाकला. वकील म्हणाले, दावा लावता येईल, पण किती वर्षं चालेल सांगता येत नाही. अण्णांनी दावा लावला नाही. त्या बाजूला जाऊन आलेल्या माणसाला ते एवढंच विचारायचे, "झाड आहे का अजून?"

पुण्याभोवती अशी गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेली जमीन, घेतलेली कामगारांची घरं मोजता येणार नाहीत इतकी आहेत. २००१ साली सरकारने गुंठेवारी नियमित करायला कायदा केला. त्या कायद्याने बांधकाम नियमित होतं, न घेतलेली सही येत नाही. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. अण्णा तोवर गेले होते.

म्हणून २०१६ मध्ये दाजींचा फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. दाजींचा हेतू चांगला होता. विमानतळ पुरंदरला होणार हे त्याच वर्षी जाहीर झालं होतं. त्याआधी कित्येक वर्षं तो चाकण-राजगुरुनगरकडे होणार म्हणून बोललं जायचं, आणि माझ्या ऑफिसातल्या एकांनी त्या भरवशावर तिकडे जमीन घेऊनही ठेवली होती. विमानतळ दिशा बदलून निघून गेला, ते मात्र तिथेच राहिले. आता पुरंदरमधल्या सासवडकडे गर्दी होती. दाजी म्हणाले, "तू नुसतं बघून तर ये. बघायला काय पैसे पडतात?"

स्वारगेटहून प्लॉट विकणाऱ्या कंपनीची बस होती. दिवेघाट चढताना एकजण माइकवर रिंग रोड, विमानतळ आणि लॉजिस्टिक पार्क समजावून सांगत होता. खिडकीबाहेर सीताफळाच्या आणि अंजिराच्या बागा होत्या. उतरल्यावर पोहे-चहा झाला. मांडवात नकाशाचा मोठा फलक होता, त्यावर हिरवे चौकोन म्हणजे विकलेले प्लॉट. हिरवे इतके होते की उरलेल्या पांढऱ्यांकडे बघून जीव घाईला यावा. जमिनीवर फक्कीने आखलेल्या रेषा होत्या, कोपऱ्यांवर रंगीत झेंडे. पावसाळा नुकताच संपला होता आणि रेषांच्या आत कापलेल्या बाजरीची धसकटं अजून उभी होती. मी त्या धसकटांकडे बराच वेळ बघत राहिले. एनए (बिनशेती) प्लॉट म्हणून जाहिरात, आणि महिन्याभरापूर्वी इथे पीक होतं.

"सातबारा बघायला मिळेल?" मी एजंटाला विचारलं.

"सगळं टायटल क्लिअर आहे ताई. अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत, दहा जणांची नावं. सातबाऱ्यावर तुमचंही नाव लागणार."

"पण मी शेतकरी नाही. आमच्याकडे कुणाच्याच नावावर शेती नाही."

"शेतकरी दाखल्याचं आम्ही बघतो."

"मालकाला बहिणी आहेत का?"

तो पहिल्यांदा थांबला. मग म्हणाला, "आहेत दोघी. भाऊबीजेला येणारच आहेत, तेव्हा सह्या होतील. पण ताई, टोकन आज दिलंत तर गुंठ्यामागे वीस हजार कमी. उद्यापासून भाव वाढतोय."

फलकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत गट नंबर होता. त्याचा मी फोटो घेतला. रात्री भूलेखच्या संकेतस्थळावर तो गट उघडला. तीन भाऊ, दोन बहिणी आणि आई, सगळ्यांची नावं सामाईकात. इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा. जमीन शेतीचीच, बिनशेतीचा आदेश कुठे नाही. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही, हे आपल्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमात १९४८ पासून आहे. म्हणजे त्या दिवशी मांडवात बसलेल्या आमच्यासारख्या अनेकांना तो व्यवहार करताच आला नसता, आणि दाखला "बघतो" म्हणणारा माणूस आमच्या नावावर एक खोटं रचून देणार होता. सामाईकात दहावा भाग म्हणजे जमिनीचा नेमका कुठला तुकडा, हेही कुणी सांगू शकत नव्हतं. (तुकडेबंदीचे, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे करून विकायला आळा घालणारे, नियम तेव्हापासून बरेच बदलले आहेत. कुणी आज अशी जमीन बघत असेल तर आजचा नियम वाचावा, माझ्या वेळचा नव्हे.)

दाजींना मी नाही म्हणून कळवलं. ते थोडे दुखावले. त्या एजंटाचे फोन मात्र दिवाळीनंतरही येत होते. निम्मे पैसे रोख हवे होते, आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. मग फोन थांबले. विमानतळाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मधे जागा बदलायची चर्चा झाली, पुन्हा मूळ गावांवर आली, आणि २०२५ मध्ये पारगाव, खानवडी, वनपुरी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, उदाचीवाडी या सात गावांत भूसंपादनाच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा तिथली माणसं रस्त्यावर उतरली. त्यांच्या बागा जाणार म्हणून ती रडत होती. मी टीव्हीवर बघत होते आणि ती बस आठवत होती. त्या जमिनीवर आम्ही नऊ वर्षांपूर्वी पोहे खात झेंडे मोजले होते.

त्या रविवारनंतर मी दोनशे पानी वही आणली. काय घ्यायचं ते तिच्यात लिहिलंच नाही, काय घ्यायचं नाही तेवढंच लिहिलं. ज्याचा कागद मला स्वतःला वाचून कळत नाही ते नाही. पीएमपीच्या बसने तासाभरात पोहोचता येत नाही ते नाही. "येणार आहे" या दोन शब्दांवर ज्याचा भाव उभा आहे ते तर नाहीच. नवरा म्हणाला, एवढं गाळलं तर उरणार काय? त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ज्याच्याकडे दहा जागा आहेत त्याची एक बुडाली तर नऊ उरतात. आमच्याकडे पंधरा वर्षांची बचत होती आणि डाव एकच होता.

पुढच्या नोंदी भराभर सांगते. हिंजवडीकडे एक प्रकल्प होता, मॉडेल फ्लॅट इतका सुंदर की आईने तिथल्या पडद्याला हात लावून बघितला. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक विचारला तर "येतोय" म्हणाले, आणि त्याआधीच चेक मागत होते. रेराचा कायदा महाराष्ट्रात मे २०१७ पासून पूर्ण लागू झालाय. नोंदणीशिवाय बिल्डरला जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही, आणि करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कमही घेता येत नाही. आम्ही निघालो. एक तळघरातला गाळा स्वस्त होता, तिथे दिवसाही दिवा लावावा लागत होता. एका सोसायटीची इमारत वीस वर्षांची आणि जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, अभिहस्तांतरण झालेलंच नाही. उद्या पुनर्विकासाची वेळ आली की फ्लॅटधारकांना आधी तिथून सुरुवात. अशा बारा-तेरा सोसायट्या वहीत आहेत. इतक्या असतील असं मला वाटलं नव्हतं.

टँकरची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. २०१९ चा मे. पालिकेत नव्याने आलेल्या गावांपैकी एका गावात, सहा वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट. हवेशीर, भाडेकरू तयार, भावही आवाक्यात. मालकाने नळ सोडून दाखवला, धो धो पाणी. मला सगळं पटलं होतं. तरी रात्री दहाला आम्ही स्कूटरवर पुन्हा गेलो. फाटकाशी दोन टँकर उभे होते, जाड पाइप जिन्याखालच्या टाकीत सोडलेला, आणि तिसरा टँकर वळायला जागा शोधत होता. वॉचमन साताऱ्याकडचा निघाला, आमच्याच बाजूचा. बोलता बोलता त्याने टेबलावरची वही पुढे केली. तारीख, गाडी नंबर, वेळ, सही. मी पानं उलटत गेले. जानेवारीत दिवसाला दोन, मार्चमध्ये चार, मेमध्ये कधी सात तर कधी आठ. एका पानावर चहाचा गोल डाग होता आणि त्याखाली आठव्या टँकरची नोंद कशीबशी कोंबून लिहिली होती. मेंटेनन्स एवढा जास्त का, याचं उत्तर त्या वहीत होतं. घरमालकाने ते सांगितलं नव्हतं, आणि मी दिवसा विचारलंही नव्हतं.

आणि एक पिंपळे गुरवचा फ्लॅट. तो आठवला की अजून आईचा हात आठवतो. नुकताच रंग दिलेला, पांढराशुभ्र. मी खिडक्या, सॉकेट, कपाटं बघत होते. आई बेडरूमच्या भिंतीशी उभी राहिली, तळहात भिंतीवर ठेवला, तसाच खाली सरकवत नेला आणि मला हाक मारली. "इथं हात लाव." भिंत गार होती, ओलसर. दिसत काहीच नव्हतं. वरच्या मजल्याचं न्हाणीघर नेमकं त्या भिंतीच्या वर होतं. बाहेर आल्यावर तिने पदराला हात पुसला आणि म्हणाली, "पांढरा खडा."

निवडताना चार चांगले दाणेही खड्यांबरोबर जातात. २०१७ मध्ये वाकडचा एक फ्लॅट मी केवळ करारनाम्यातल्या आणि प्रत्यक्षातल्या कार्पेट (भिंतींच्या आतल्या) क्षेत्रफळात पंधरा चौरस फुटांचा फरक निघाला म्हणून सोडला. तसा फरक क्षम्य होता, हे आज कळतं. त्या इमारतीतले भाव पुढे चांगलेच वाढले. तिथून जाताना वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. दोनदा वकिलाची फी भरून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च काढला आणि व्यवहार केला नाही. एकदा त्यात जुन्या बँकेचा न फिटलेला बोजा निघाला, एकदा वारसाची नोंद अर्धवट होती. नवऱ्याला ती फी वाया गेल्यासारखी वाटली. मला कधीच वाटली नाही. अण्णांनी १९९४ मध्ये वकिलाला पैसे दिले असते तर वाचले असते ते फक्त ४० हजार नव्हते.

३७ वी जागा म्हणजे चिंचवड स्टेशनपासून चालत बारा मिनिटांवरचा दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. इमारत १९९८ ची, लिफ्ट नाही, कार्पेट ४३० चौरस फूट. स्वयंपाकघराच्या छताला ओलीचा पिवळा डाग होता. दार उघडल्या उघडल्या मालकीणबाईंनी आधी तोच दाखवला. "गच्चीची पाइप फुटली होती, सोसायटीने बदलली. डाग तसाच ठेवलाय, घेणाऱ्याला कळायला हवं." आम्ही तो २०२० च्या फेब्रुवारीत पाहिला, मग टाळेबंदी लागली. जुलैच्या पावसात परवानगी काढून पुन्हा गेलो. आईने डागाखाली स्टूलवर चढून हात लावला. कोरडा होता. सोसायटीचं अभिहस्तांतरण झालेलं, भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) मालकीणबाईंच्या नावावर, पालिकेचं पाणी रोज सकाळी. सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचा सरकारी उतारा, काढून त्याच इमारतीतले आधीचे दोन व्यवहार कितीला झाले ते बघितलं, आणि ३४ लाखांवर ठरलं.

वकिलांनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. कुणाचा हक्क असेल तर १४ दिवसांत कळवावं. ते १४ दिवस फोन वाजला की माझं काळीज धडधडायचं. कुणाचाच आला नाही.

आकडे मी मुद्दाम सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि थोडी डागडुजी धरून खर्च गेला साडेछत्तीस लाखांवर. सुरुवातीचं भाडं ११ हजार. त्यातून मेंटेनन्स, मिळकत कर आणि वर्षात एक महिना घर रिकामं राहील असं धरलं, तर हातात पडतात वर्षाला साधारण ९४ हजार. म्हणजे अडीच टक्क्यांच्या जरा वर. त्या वेळी बँकेतली मुदतठेवसुद्धा याहून बरं व्याज देत होती. "भाड्यावर हप्ता सुटतो" असं जो सांगतो त्याच्यासमोर कागद-पेन ठेवावं. कर्ज आम्ही २० लाखच घेतलं, हप्ता १५,५००. भाडं मुळीच आलं नाही तरी तो माझ्या एकटीच्या पगारात बसतो का, हे आधी बघितलं होतं. २०२२ च्या मेपासून व्याजदर चढत गेले आणि वर्षभरात हप्ता १८ हजारांच्या वर गेला. जड गेलं, पण झोप उडाली नाही. ज्या दोन जागा मला याहून जास्त आवडल्या होत्या, त्यांचं कर्ज ३५ लाखांचं झालं असतं.

भाव वाढला तर वाढेल. आम्ही तो हिशेबात धरलेला नाही. म्हातारपणी आईला आणि पुढे मला राहायला जागा असेल, खाली दवाखाना आहे, स्टेशन चालत आहे, एवढं धरलं आहे.

नोंदणी डिसेंबर २०२० मध्ये झाली. सरकारने मुद्रांक शुल्क काही महिने कमी केलं होतं, सहाऐवजी तीन टक्के. दुय्यम निबंधक कार्यालयात मास्क लावलेल्यांची रांग जिन्यावरून खाली आली होती. एक लाख दोन हजार वाचले. रांगेतले काहीजण ३१ तारखेच्या आत उरकायचं म्हणून धावत होते. एक तरुण जोडपं भिंतीला टेकून पहिल्यांदाच करारनामा वाचत होतं, पानं उलटत, मध्येच एकमेकांकडे बघत. आत बोलावणं यायला त्यांना दहा मिनिटं होती. त्यांना काहीतरी सांगावं असं मला फार वाटलं. सांगता आलं नाही, तोवर आमचा टोकन नंबर लागला. अंगठा, फोटो, सही. आईने साक्षीदार म्हणून सही केली, "चिंचवड" सावकाश लिहिलं.

घरी आल्यावर तिने कपाटातून अण्णांची निळी फाइल काढली. रबर कधीच तुटलेलं, सुतळी बांधलेली. आत तिघांचे अंगठे असलेलं साठेखत, कब्जेपावती, पतपेढीच्या हप्त्यांच्या पावत्या, आणि पाटली मोडल्याची सराफाची चिठ्ठी. मी म्हटलं, "आई, हे आता कशाला? नवीन फाइल आणू." तिने ऐकलं नाही. नवीन खरेदीखत आणि सूची दोनची प्रत तिने सगळ्यात वर ठेवली, सुतळी पुन्हा बांधली आणि विचारलं, "त्या जिन्याशी कुंडीत कडुलिंब लावला तर सोसायटी काही म्हणेल का गं?"